रक्तसाक्षी आणि दाखला

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसं ठेवलं आहे, थोडी काटछाट सोडून.)



मला विषय दिलाय : धर्मासाठी होणारा छळ आणि त्याकडं बघण्याची ख्रिस्ती दृष्टी. विषय ऐकला तेव्हाच मला वाटलं, संयोजकांना एक बकरा पाहिजे होता. त्यात काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्याच एकानं मला तोंडावर सुनावलं, की तुमचा येशू एका गालावर मारली तर दुसरा पुढं करा म्हणतो, आम्ही मारणाऱ्याचा हात धरायला निघालोय, तुमचं-आमचं जमायचं कसं? मी काल गप्प बसलो. उत्तर नव्हतं म्हणून नाही. उत्तर लांबून द्यावं लागतं आणि पोरं झोपेला आली होती. आज देतो. कंटाळा आला तर मागं चहा आहेच.

आधी कबुली देऊन टाकतो. तो पोरगा म्हणाला ते अर्धं खरं आहे.

मी नगरकडचा. आजा महार, गावकीची कामं करणारा, मिशनच्या शाळेमुळं ख्रिस्ती झाला. मी अकरावीत असताना आमच्या वस्तीतल्या दोन पोरांना गावातल्यांनी तुडवलं. कारण काय, तर लग्नाची वरात वाजतगाजत गावातून नेली. एकाचा हात मोडला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो क्रूस वाहण्यावर. प्रभूनं सोसलं, तुम्हीही सोसा. फिर्याद करू नका, वैर वाढेल. मोडक्या हाताचा पोरगा पहिल्या बाकावर बसून ऐकत होता, आणि त्याची आई मान डोलवत होती. त्या दिवसानंतर सहा वर्षं मी चर्चमध्ये पाय ठेवला नाही.

बाबासाहेबांनी हे दुखणं नेमकं हेरलं होतं. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या स्थितीवर त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली आलं. त्यातला त्यांचा घाव असा : हिंदू असताना अस्पृश्याला सांगतात, तुझी ही दशा तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्मामुळं. ख्रिस्ती झाला की सांगतात, ही दशा आदिपुरुषाच्या पापामुळं. म्हणजे कर्म गेलं आणि पाप आलं, पण पाटील तिथंच! ज्या समाजानं त्याला चिखलात लोटलं त्या समाजाकडं बोट दाखवायचं राहूनच गेलं. मी ख्रिस्ती आहे, तरी या ओळींना माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या पाळकांकडंही नव्हतं. त्यांना तर प्रश्नच माहीत नव्हता.

मग मी सहा वर्षांनी परत का गेलो? एका शब्दामुळं गेलो. तो शब्द सांगण्यासाठीच आज उभा आहे.

धर्मासाठी, देशासाठी मेलेल्याला आपण मराठीत काय म्हणतो? हुतात्मा. मुंबईत हुतात्मा चौक आहे. शब्दाचं पोट फाडून बघा. हुत म्हणजे अग्नीत टाकलेलं, आहुती दिलेलं. हा यज्ञातला शब्द आहे. यज्ञात जे टाकतात त्याला कुणी विचारत नाही, बाबा, तुला काय म्हणायचंय? ते जळतं आणि वर पुण्य जमा होतं. ख्रिस्ती लोकांत मात्र दुसरा शब्द आहे, रक्तसाक्षी. हा ग्रीक शब्दाचा मराठी अवतार. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार. कोर्टात उभा राहून पाहिलं ते सांगणारा. पुढं साक्ष देणारे मारले जायला लागले म्हणून त्याच शब्दाला मरणाचा अर्थ चिकटला. म्हणजे पहिल्यांदा बोलणं होतं. मरण नंतर आलं, आणि तेही मारणाऱ्यानं आणलं.

ख्रिस्ती शिकवणीत बलिदानाची, कोकराची भाषा आहेच, ती मी लपवत नाही. पण छळाचा विषय निघाला की त्या धर्माचा मूळ शब्द यज्ञकुंडातला नाही, कोर्टातला आहे. हे कळलं आणि माझं डोकं जरा ठिकाणावर आलं.

आता गालाचं. येशूनं तो उपदेश केला हे खरं. पण त्याच्या स्वतःच्या थोबाडीत बसली तेव्हा त्यानं काय केलं, हे पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नाही. अटक झाल्यावर त्याला प्रमुख याजकाच्या वाड्यात नेलं. तिथं एका शिपायानं चापट मारली. योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात आहे, घरी जाऊन वाचा. येशूनं दुसरा गाल पुढं केला नाही. त्यानं विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर पुरावा दे, बरोबर बोललो असेन तर मारलंस का? हात बांधलेला माणूस मारणाऱ्याकडं जाब मागतोय. पौलाचंही तसंच. फिलिप्पै गावात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, जा आता. पौल हलला नाही. आम्ही रोमचे नागरिक, चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप सोडता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर काढा. अधिकारी आले, घाबरत आले. मोडक्या हाताच्या त्या पोराला जर हा अध्याय वाचून दाखवला असता!

रोमचं राज्य या लोकांना का मारत होतं? येशूची पूजा करतात एवढ्यानं नाही. रोममध्ये शंभर देव होते, एकशे एकाव्याची कुणाला अडचण नव्हती. अडचण होती ती इतर देवांना आणि बादशहाच्या मूर्तीला चिमूटभर धूप घालायला हे नकार देतात याची. ट्राजन बादशहाचा प्लिनी नावाचा सुभेदार होता, काळ्या समुद्राच्या काठच्या प्रांताचा, आजच्या तुर्कस्तानात. साधारण इ.स. ११२ च्या सुमाराचं त्याचं पत्र आहे. मोठा सुसंस्कृत माणूस, पांढरपेशा म्हणा. तो बादशहाला लिहितो, की मी आरोपींना तीन वेळा विचारतो, ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा हो म्हणाला की देहदंड. त्यांचा गुन्हा काय ते त्याला नीट ठाऊक नाही, पण एवढा हट्टीपणा शिक्षेलाच पात्र आहे असं त्याचं मत. आणि मग एका ओळीत सांगतो, की खरं काय ते काढण्यासाठी मी दोन गुलाम बायांचा छळ केला, त्यांच्यात त्यांना सेविका म्हणतात.

दोन गुलाम बाया. नाव नाही, गाव नाही. रोमच्या कायद्यात गुलामाची साक्ष धरायची ती बहुतेक करून छळ करून घेतलेली असेल तरच, अंगावर वळ नाहीत तर बोलण्याला किंमत नाही. त्या दोघी एका मंडळीच्या पुढारी होत्या. ज्या समाजात गुलाम बाई म्हणजे भांडं, तिथं ती सेविका म्हणून मंडळी चालवत होती, हाच मुळात राजद्रोह होता.

आणि ख्रिस्ती जगानं पहिल्या काळात डोक्यावर घेतली ती माणसंही बघा. फ्रान्समधलं ल्यों शहर, इ.स. १७७. ब्लांदिना नावाची गुलाम पोरगी. तिची ख्रिस्ती मालकीणच घाबरली होती की हिचं कुडीएवढं शरीर टिकायचं नाही, ही फुटेल. मारणारे दिवसभर पाळीपाळीनं मारून थकले, ती थकली नाही. तिला खांबाला बांधून जनावरांपुढं टांगलं, तेव्हा बाकीच्या कैद्यांना तिच्यात क्रुसावरचा येशू दिसला, असं त्यांच्या लोकांनी लिहून ठेवलंय. मालकिणीत नाही दिसला, मोलकरणीत दिसला.

कार्थेज, आजच्या ट्युनिशियात, इ.स. २०३. पर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं मूल. तिच्याबरोबर फेलिसिता, गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. पर्पेतुआनं तुरुंगात रोजनिशी लिहिली, ती आजही आहे. बाप येतो, पाया पडतो, माझ्या पिकल्या केसांकडं बघ म्हणतो. पोरगी कोपऱ्यातलं भांडं दाखवून विचारते, याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का? मग मी जे आहे त्याहून वेगळं मला कसं म्हणवून घेता येईल? पुढं चौकशीत त्या म्हाताऱ्या बापाला तिच्यादेखत काठीनं मारतात, आणि तिला ते स्वतःला लागल्यासारखं लागतं. हे वाचताना मला ती कधी कधी निष्ठुर वाटते. बापाचा काय गुन्हा? पण तिनं मागितलेली गोष्ट केवढी लहान होती बघा. मी जे आहे ते म्हणवून घेऊ द्या. बस.

इथवर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, शूर माणसं होती. शूरांच्या गोष्टी सगळ्यांकडं असतात. माझा खरा मुद्दा आता सुरू होतो, आणि तो शूरांबद्दल नाही.

इ.स. २५० मध्ये डेशियस नावाच्या बादशहानं फर्मान काढलं, की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवांना बळी वाहायचा, प्रसाद चाखायचा आणि तसं केल्याचा दाखला घ्यायचा. होय, दाखला! इजिप्तच्या वाळूत असे चाळीसच्या वर दाखले सापडलेत. पपायरसवर अर्ज, खाली पंचांची सही. मी पहिल्यापासून देवांना मानत आलोय, आताही तुमच्यासमोर अर्पण केलं, प्रसाद खाल्ला, तरी तसं लिहून द्यावं, असा मजकूर. एका बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर ओळखखूण लिहिलीय, उजव्या भुवईवर व्रण. एक तर मगरीच्या रूपातल्या देवाच्या पुजारणीचा दाखला आहे. तिनंही घेतला! नोकरशाही ती नोकरशाही, पुजारणीलाही सांगते, धार्मिक असल्याचा पुरावा आण.

मग ख्रिस्ती लोकांनी काय केलं? काही तुरुंगात गेले, काही मेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला. हजारोंनी जाऊन बळी वाहिले. आणि बऱ्याच जणांनी मधला रस्ता काढला. बळी वाहिला नाही, पण पैसे चारून दाखला मिळवला. कागदावर देवपूजक, मनात ख्रिस्ती.

हसू नका. आता माझ्या घरात या.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. घरी बायबलातलं नाव, शाळेत विठोबाचं. शाळेत घालताना मास्तरांनी न विचारताच लिहून टाकलं, हिंदू महार. त्या तीन अक्षरांच्या जातीवर आण्णांना शिष्यवृत्ती मिळाली, पुढं सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे, की हिंदू धर्माशिवाय दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख घातले, १९९० साली बौद्ध घातले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. आदिवासीला धर्म आड येत नाही, आम्हाला येतो. डेशियसचं फर्मान २५० चं, हा आदेश १९५० चा. बरोबर सतराशे वर्षं.

आण्णा कचेरीत विठोबाचे होते. दर श्रावणात कचेरीत सत्यनारायण. आण्णा एकदा सुट्टी टाकून घरी राहिले, तर हेडक्लार्क हसत म्हणाला, का हो, तुम्ही बाटलेले तर नाही ना? त्यानंतर ते दरवर्षी पूजेला बसत. हातावर तीर्थ घेत, प्रसाद खात, आणि त्या रात्री घरी जेवत नसत. आई ताट वाढून वाट बघायची, ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी लहान होतो, मला वाटायचं सत्यनारायणाच्या प्रसादानं पोट भरतं.

ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये फुटली. पंच कमिटीत चर्चा झाली, आणि ठरलं, की कागदावर जो हिंदू आहे त्याला प्रभुभोजन नाही. ज्या पाळकानं मोडक्या हाताच्या पोराला फिर्याद करू नको म्हटलं होतं, तोच हा. आण्णा तरी दर रविवारी जात. शेवटच्या बाकावर बसत. भाकर आणि पेला पुढच्या बाकांवरून परत फिरे. एका रविवारी माझी थोरली आत्या उठली. ही बाई कोण? गावात मेलेलं ढोर ओढायला नकार दिला म्हणून जिच्या घरावर दगड पडले होते, जिला भर बाजारात मारलं होतं, आणि तरी जिनं ना गाव सोडलं ना नाव लपवलं. ती उठली, आपल्या हातातल्या भाकरीच्या तुकड्याचे दोन तुकडे केले, चालत मागच्या बाकापर्यंत गेली आणि आण्णांच्या हातात एक ठेवला. पाळकसाहेब बघत राहिले. कोण बोलणार तिला?

आत्यानं कार्थेजचं नाव ऐकलं नव्हतं. पण कार्थेजला हेच झालं होतं. छळ जरा थंडावल्यावर दाखला घेतलेले लोक रडत परत आले, आम्हाला आत घ्या. बिशप म्हणाला, थांबा, सभा भरू द्या. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा एक कडक माणूस म्हणाला, नाही, कधीच नाही, चर्च हे शुद्ध माणसांचं. आणि जे तुरुंगात पडले होते, ज्यांच्या अंगावर वळ होते, त्यांनी काय केलं? त्यांनी पडलेल्यांना चिठ्ठ्या लिहून दिल्या. याला आत घ्या, आमच्या सोसण्याच्या भरवशावर घ्या. दाखल्याविरुद्ध चिठ्ठी! सिप्रियनला ते आवडलं नाही, शिस्त बिघडते म्हणून तो चिडला. स्वतः लपून बसलेला माणूस शिस्तीचं सांगतोय म्हणून कार्थेजमध्ये त्याला लोकांनी टोमणेही मारले. पण २५१ च्या सभेत ठरलं, की नुसता दाखला घेतलेल्यांची चौकशी करून त्यांना आत घ्यायचं, बळी वाहिलेल्यांनी प्रायश्चित्त घ्यायचं. पुढं नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा त्यांनाही घेतलं. नोव्हेशियन आपला शुद्धांचा पंथ घेऊन वेगळा झाला. आणि लपलेला सिप्रियन? २५८ साली त्याला परत पकडलं. या वेळी तो पळाला नाही. १४ सप्टेंबरला त्याचं मुंडकं उडवलं.

माझ्या मते छळाबद्दल ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेली सगळ्यात मोठी गोष्ट सिंहापुढं उभं राहणं ही नाहीच. ज्यानं सोसलं त्याच्या सोसण्याचा उपयोग न सोसलेल्याला आत घेण्यासाठी करायचा, ही आहे. पुढं त्याच धर्मानं ती गुंडाळून ठेवली. ३१३ नंतर बादशहाच ख्रिस्तींच्या बाजूचा झाला, ३८० साली तोच राजधर्म ठरला, आणि कालचे मार खाणारे दुसऱ्यांना मारायला लागले. ब्लांदिनाची गाणी म्हणत गुलाम ठेवले. आपल्याकडं तर विचारूच नका. तामिळनाडूत काही चर्चच्या दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि सवर्ण ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंती घातल्या. मेल्यावरसुद्धा गावकूस.

आणि आता तुमच्याकडं वळतो. राग आला तरी चालेल. १९५६ ला दीक्षा घेतल्यावर तुमच्या आज्यांनी कागदावर काय लिहिलं? राज्यात १९६० साली सवलत मिळाली, केंद्रात मिळायला १९९० उजाडलं. मधली तीस वर्षं केंद्राच्या नोकरीसाठी, बँकेसाठी, रेल्वेसाठी किती जणांनी हिंदू महार लिहिलं? घरात बुद्धवंदना, कचेरीत हिंदू. आणि आपल्याच चळवळीत किती नोव्हेशियन आहेत, जे आजही चारचौघांत विचारतात, तुझ्या बापाच्या दाखल्यावर काय आहे रे? मी असल्या पोरांना विचारतो, तू कधी मार खाल्लास? ज्यांनी खाल्ला ते असं विचारत नाहीत. माझी आत्या विचारत नव्हती.

शिव्या द्यायच्या तर दाखला मागणाऱ्याला द्या. त्याची चलाखी बघा. मद्रासमध्ये सूसाई नावाचा चांभारकाम करणारा माणूस होता, रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा. आदि-द्रविड, ख्रिस्ती झालेला. सरकारनं रस्त्यावरच्या आदि-द्रविड चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं, धर्मांतरानंतर जात उरते एवढं दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही ती तितक्याच जुलमी तीव्रतेनं छळते याचा पुरावा पाहिजे. तोच रस्ता, तीच आरी, तीच चप्पल. आणखी पुरावा कसला? २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं सांगितलं, धर्माची अट काढा. अहवाल पडून राहिला. २०२२ साली के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. २०२४ साली पुद्दुचेरीच्या एका ख्रिस्ती बाईनं हिंदू म्हणून दाखला मागितला, नोकरी कारकुनाची, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, श्रद्धा नसताना नुसत्या आरक्षणासाठी असं करणं ही संविधानाची फसवणूक आहे. मला आण्णांचं भिंतीकडं केलेलं तोंड आठवलं. कुणी कुणाला फसवलं? आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका पाळकाला जातीवरून शिवीगाळ, मारहाण झाल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ॲट्रॉसिटीचा कायदा लागू नाही. मारणाऱ्याला जात दिसते, कायद्याला धर्म दिसतो. मधल्या मध्ये माणूस मार खातो.

यावर एक शहाणा प्रश्न येतो, की दलित ख्रिस्ती माणसावर हल्ला झाला तर तो धर्मासाठी झालेला छळ की जातीसाठी? ओरिसातलं कंधमाल घ्या. २३ ऑगस्ट २००८ ला स्वामी लक्ष्मणानंदांचा खून झाला, माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, आणि कुऱ्हाडी पडल्या ख्रिस्ती वस्त्यांवर. सरकारी आकड्यातच तीसच्या वर मेलेले, पन्नास हजारांच्या आसपास माणसं जंगलात आणि छावण्यांत. मेलेले-पळालेले बहुतेक पाण जातीचे दलित आणि कंध आदिवासी. परत गावात यायचं तर हिंदू व्हा, ही अट. किती जणांना डोकं भादरून विधी करायला लावले आणि राजीखुशीनं धर्म बदलतोय अशा कागदावर अंगठे घेतले. पुन्हा कागद! धर्म म्हणावा तर मार पडला तो शिकलेल्या, जमीन घेतलेल्या, मान वर करणाऱ्या पाणांना. जात म्हणावी तर मागणी धर्माची.

हाच गोंधळ रोमच्या चर्चनं पस्तीस वर्षं घातला. एल साल्वादोरचा आर्चबिशप ऑस्कर रोमेरो, २४ मार्च १९८० ला वेदीवर उभा असताना गोळी घालून मारला. आदल्या दिवशी त्यानं शिपायांना सांगितलं होतं, गरीब शेतकऱ्यांना मारायचा हुकूम पाळू नका. मारणारेही ख्रिस्ती म्हणवणारेच. मग वाद, की हा रक्तसाक्षी कसा, हा तर राजकारणात मेला. २०१५ साली कुठं मान्य केलं, की हा श्रद्धेच्या द्वेषातूनच झालेला खून आहे, २०१८ साली संत केला. त्याच्या गावच्या गरिबांनी त्याला आधीच संत केला होता, त्यांना रोमच्या दाखल्याची गरज पडली नाही. आपल्याकडं स्टॅन स्वामी. झारखंडच्या आदिवासींत काम करणारे येशूसंघी पाद्री. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याच भीमा कोरेगावच्या प्रकरणात उचलले, तळोजाच्या तुरुंगात ठेवले. कंपवातानं पेला हातात धरवत नव्हता, प्यायला नळी मागितली तर त्याच्यासाठी कोर्टात अर्ज करायला लागला. ५ जुलै २०२१ ला ८४ व्या वर्षी, जामिनाची वाट बघत गेले. ते येशूसाठी गेले की आदिवासींसाठी? त्यांना स्वतःला या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या असतील असं मला वाटत नाही.

अरविंद निर्मळ नावाचे एक मराठी धर्मपंडित होते, दलित ख्रिस्ती घरातले, १९९५ साली वारले. त्यांनी १९८१ साली बंगळूरच्या धर्मविद्यालयात भाषण करून शूद्रांच्या, पुढं दलितांच्या ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली. त्यांच्या मांडणीत येशू दलितांवर दया करणारा नाही, तो स्वतः दलित आहे, क्रुसावर टाकून दिलेला. हे ऐकल्यावर मला वाटलं, मग प्रभुभोजनाच्या वेळी तो कुठल्या बाकावर बसला होता?

काल ज्यानं विचारलं तो पोरगा कुठं बसलाय? हां. तर दोस्ता, गाल पुढं करायचा नाही. जाब विचारायचा. पण जाब विचारताना शेजारचा घाबरून खाली बसला तर त्याला लाथ घालायची नाही. एवढ्यावर आपलं जमणार असेल तर बघ.

मला साडेपाचची एस.टी. धरायची आहे. घरी टेबलावर मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म पडलाय. सोमवार शेवटची तारीख. धर्माचा रकाना आहे, जातीचा रकाना आहे, आणि कपाटात आण्णांचा जुना दाखला आहे, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. मुलगी परवा म्हणाली, पप्पा, मी माझं मी लिहीन, तुम्ही फक्त सही करा. काय लिहिणार ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या अगोदर ती उठलेली असेल, तर आतापर्यंत लिहूनही झालं असेल.

जय भीम.